भिंतीपलीकडचे सर

काम व्हावं म्हणून धडपडणारी माणसं कोल्हापुरात पुष्कळ, पण 'हे काम होणारच नाही' एवढंच पक्कं करायला रोज सकाळी अंघोळ करून, गंध लावून टेबलाशी कागद पसरून बसणारा माणूस अख्ख्या शहरात एकच होता, आणि तो शिवाजी पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, एकटे. गल्लीत त्यांना सगळे सरच म्हणत. त्यांची खुर्ची फरशीवर सरकली की आमच्या स्वयंपाकघरात आवाज यायचा. सकाळी बसताना एकदा, जेवायला उठताना एकदा. त्या दुसऱ्या आवाजावर मी आमच्या घरची ताटं वाढायला घ्यायची.

सरांचं काम माझ्या चौथीच्या शिक्षणात बसणारं नव्हतं. पण एकदा माझ्या दारातली ठिपक्यांची रांगोळी बघून ते थांबले आणि तिच्यावरच त्यांनी मला ते समजावलं. ठिपका म्हणजे घर, रेघ म्हणजे शेजार. मोजक्याच घरांनी पाण्याची टाकी ठेवायची, पण प्रत्येकाला आपल्या नाहीतर शेजारच्या घरी पाणी मिळालं पाहिजे. वरून सांगणारा कुणी नाही. प्रत्येकानं शेजाऱ्याला विचारायचं, फार तर शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचं विचारून घ्यायचं, आणि आपलं आपण ठरवायचं. "अगदी कमीत कमी टाक्या नकोत वहिनी, त्याच्या जवळपास चालेल. पण एवढ्याशा विचारपुशीत त्या जवळपासलाही हद्द आहे, तिच्यापुढं जाणं होणारच नाही. ती हद्द मी काढतोय." कोपऱ्यावरच्या आक्का भाजीची पिशवी घेऊन ऐकत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अवो सर, न्हाई म्हणायला एवढा कागूद? आमची सासू नुसती मान हलवायची की!" सर हसता हसता रांगोळीवरच बसले. नंतर अर्धा तास माझी माफी मागत होते, आणि मी मेली खाली बघून पुसलेले ठिपके पुन्हा काढत होते.

वागणंही तसंच. एकदा मंगळवार पेठेत चष्मा दुरुस्तीला निघाले, तर रस्ता विचारताना प्रत्येकाला म्हणाले, "पुढच्या कोपऱ्यापर्यंतचंच सांगा, त्यापुढचं नको." प्रत्येकानं आपल्या परीनं बरोबरच सांगितलं, आणि दुपारी सर फिरून आमच्याच गल्लीच्या तोंडाशी आले. चष्मा तसाच मोडका, आणि चेहरा मात्र परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारखा. "चष्मा राहिला वहिनी, पण उदाहरण मिळालं!"

जोतिबाच्या यात्रेला आमच्याकडं घरोघरी पुरणपोळीचा नैवेद्य होतो आणि शेजारी ताटं जातात. सर राहायला आले त्या पहिल्या वर्षी त्यांच्याकडं पाच ताटं गेली. प्रत्येकीला वाटलं, एकटा माणूस, त्याला कोण देणार. सरांनी तीन दिवस पुरणपोळ्या खाल्ल्या आणि मग पोट धरून आम्हाला सांगितलं, "तुम्हा पाचही घरांना सारखंच दिसलं, म्हणून पाचही घरांनी सारखंच ठरवलं." आम्ही शहाण्या झालो. पुढच्या वर्षी प्रत्येकीला वाटलं, बाकीच्या चौघी देणारच आहेत. एकही ताट गेलं नाही. संध्याकाळी सर माझ्या दारात आले ते आनंदानं डोलतच. "वहिनी, यंदा शून्य! दोन्ही टोकं मिळाली!" दिवसभर दूध-पाव खाऊन होते. मी आत जाऊन ताट वाढलं. पुरणावर तूप जरा जास्तच घातलं.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस खुर्ची वाजली नाही. मला लगेच कळलं. पण एकट्या पुरुषाच्या दारात जाऊन हाक मारायची, लोक काय म्हणतील, या विचारानं मी उंबऱ्यातच घुटमळले आणि आक्कांना जाऊन विचारलं. आक्कांनी पलीकडच्या शिंपीणबाईंना विचारलं. शिंपीणबाई म्हणाल्या, "सकाळीच कुणीतरी आत गेल्यालं दिसलं बाई, बघून आलं असंल." तेच आक्कांनी मला सांगितलं, आणि मला ते हवंच होतं. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी आक्काच म्हणाल्या, "अगं, गेलं कोण पण नक्की?" तेव्हा आम्ही दार ढकललं. दाराला आतून कडीसुद्धा लावलेली नव्हती. सर पलंगावरून खाली पडलेले, तापानं फणफणलेले, ओठ सुकलेले. पाण्याचा तांब्या हातभर लांब होता.

दवाखान्यात ते अकरा दिवस होते. एकदा आक्का मला ओढून घेऊन गेल्या आणि सरांना म्हणाल्या, "सर, आमचं चुकलं बगा. आमी एकमेकीलाच इचारत बसलो." सरांचा आवाज बसला होता, तरी ते माझ्याकडं बघून हसले. "रडू नका वहिनी. दोन घरं विचारून सगळं कळत नाही. हे मी सिद्ध केलेलं आहे. त्यात तुमची चूक नाही." मी पेल्यात पाणी ओतून त्यांच्या हाताशी ठेवलं. बाराव्या दिवशी सर वारले. नंतर त्यांची बहीण आली, आणि कागदांचे तीन गठ्ठे तेवढे गाडीत घालून गेली.

माणूस किती मोठ्या मनाचा, की आयुष्यभराचं गणित त्यानं माझ्या दोषावर पांघरूण म्हणून घातलं. पण रांगोळीवर त्यांनी शिकवलेलं मी विसरले नाही. त्यांची हद्द लांबच्या घरांसाठी होती. मी त्यांना लागून असलेला पहिलाच ठिपका होते. मला कुणाला विचारायचंच नव्हतं. खुर्ची वाजली नाही हे सगळ्या गल्लीत एकट्या मला माहीत होतं.

आता तिथं दोन नोकरी करणाऱ्या मुली राहतात. सुट्टीच्या दिवशी भिंतीपलीकडं फार वेळ शांत झालं, की मी पदराला हात पुसते आणि सरळ जाऊन कडी वाजवते. झोपेतून उठून एखादी दार उघडते, "काय झालं काकू?"

"काही न्हाई गं," मी म्हणते. "कोथिंबीर हाय का थोडी?"

माझ्या घरात कोथिंबीर असतेच.