एकट्यानं यायचं

कोळवणच्या खोऱ्यात विलासची जीप कुणी रिकामी धावताना पाहिली असेल, तर त्यानं देवाशपथ पुढं येऊन सांगावं. पौड ते कोळवण अन् कोळवण ते पौड, बाजार असो नाहीतर अमावस्या, सीटा भरल्याशिवाय हा बाबा किल्ली फिरवायचा नाही. टपावर तांदळाची पोती, आत दाटीवाटीनं माणसं, विलास स्वतः निम्मा दाराबाहेर लटकलेला आणि तोंडाचा पट्टा चालू. माणसांचा भारी सोस त्याला.

त्या सोसापायीच संसार मोडला म्हणा ना. बायको रजनी भूगावची, दाराला आतून कडी लावून राहणाऱ्या घरातली. इथं सकाळी चहाला गेणबा, दुपारी ताकाला शेजारची गोजराबाई, आणि नवराबायकोचं वाजलं की ऐकायला सगळी आळी. भांडायलासुद्धा तू मला एकटा सापडत नाहीस, असं रजनी म्हणायची, आणि तिचं काही खोटं नव्हतं. शेवटी सहा वर्षांच्या अपेक्षाला घेऊन ती माहेरी गेली. पुण्याच्या कोर्टात दोघांच्या राजीखुशीनं घटस्फोट झाला. मुलीचा ताबा आईकडं. बापाला एकाआड एक रविवार, सकाळी भूगावहून न्यायची, संध्याकाळी परत सोडायची.

आला पहिला रविवार. आता मला सांगा, आपल्याकडं पोरगी आणायला कुणी एकटं जातं का? सासरहून लेक आणायला जाणारा मुऱ्हाळीसुद्धा दोघांना बरोबर घेऊन निघतो. विलासनं जीप काढली तशी निम्मी आळी आपसूक आत जाऊन बसली. गोजराबाईच्या मांडीवर लाडवांचा डबा, गेणबाच्या डोक्यावर नवी टोपी. भूगावात रजनीच्या माहेरच्या सोसायटीच्या गेटापाशी सगळी धबाधबा उतरली आणि "अपे, ए अपे" म्हणून हाकारा सुरू केला. बिचाऱ्यांच्या पोटात माया होती हो. पण चौथ्या मजल्यावरनं रजनीच्या आईला ती कशी दिसावी? तिला दिसली पोरगी पळवायला आलेली टोळी. वॉचमननं गेट लावलं, पोलिसांत फोन गेला, प्रकरण परत कोर्टात उभं राहिलं. हुकूम आला, की मुलीला न्यायला बापानं एकट्यानं यावं, बरोबर माणसं आणू नयेत.

विलासचं धाबं दणाणलं. आणखी एक चूक झाली तर आहेत ते रविवारही जाणार, या एका भीतीनं त्याची झोप उडाली. त्यानं आळी गोळा केली आणि हात जोडले. "अपी आली की कुनी भाईर येऊ नका. माज्या दारात मानूस दिसाया नको."

आळीनं शब्द पाळला. पाळला म्हणजे किती, तर रविवारी जीप वेशीत आली की पटापट दारं लागायची. पोरं आत कोंडली जायची, पाराखालची म्हातारी माणसं उठून मागच्या दारानं शेतावर जायची. ओट्यावर बापलेक दोघंच. चौदा माणसांशी एका दमात बोलणारा विलास, पण एकट्या पोरीशी काय बोलावं ते त्याला कळेना. शाळा बरी हाय का? जेवतीस का नीट? झालं, संपलं. मग पोरगी मुकाट्यानं रिकाम्या आळीकडं बघत बसायची. एकदा तिनं विचारलं, गोजराआजी कुठं गेली? परगावी गेली, असं विलासनं ठोकून दिलं. भिंतीपलीकडं गोजराबाई तोंडात पदराचा बोळा कोंबून बसली होती.

दोन वर्षं अशी काढली. मग विलासच्या बाजूनं पौडच्या सायमा वकिलांनी अर्ज लावला, की मे महिन्याच्या सुट्टीत पंधरा दिवस मुलीनं बापाकडं राहावं. विलासनं खोलीला तिच्या आवडीचा पोपटी रंग दिला, आंब्याला झोका टांगला. त्या पंधरा दिवसांवर तो जगत होता. रजनीनंही आडकाठी केली नाही. मुलगी म्हणेल तसं, एवढंच ती बोलली.

न्यायाधीशबाईंनी अपेक्षाला आत बोलावून घेतलं. बाहेर आल्यावर ती बापाकडं बघून हसली, आईचा हात धरला आणि जिना उतरून गेली. सायमा वकिलांनी विलासला बाकावर बसवलं.

"तिचा तुमच्यावर राग नाही. पण राहायला यायचं नाही म्हणाली. बाबांच्या गावात कुणीच राहत नाही, मला तिथं भीती वाटते, म्हणाली. असं का म्हणावं तिनं?"

विलासनं लागलेल्या दारांची हकिगत सांगितली. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो विलासभाऊ, आणायला एकट्यानं जा म्हणाले होते. घरी माणसं नकोत, असं कोर्ट कधी म्हणालं?"

सुट्टी तर गेलीच होती. पोरगी आता रविवारीसुद्धा आईनं सांगितलं म्हणून, मन मारून येणार, हे त्याला कळून चुकलं.

पौडच्या स्टँडवर माणसं जीपची वाट बघत उभी होती. गोजराबाई पिशवी सावरत पुढं येऊन बसली. काय झालं रं, म्हणून तिनं हळूच विचारलं. विलासनं समोर काचेकडं बघत सांगितलं, "तिला वाटतंय आपल्या गावात मानूसच न्हाई."

म्हातारीनं मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाली, "आमी समदी हुतो की रं लेकरा. दाराच्या मागं."

मागं तीन सीटा अजून रिकाम्या होत्या. विलासनं किल्ली फिरवली आणि गाडी काढली.