वास्त्याच्या लोणच्याचा उन्हाळी दौरा

चंद्रपुरात नवीन हॉटेल उघडलं, की पाटीवरचा रंग वाळायच्या आत मी आत बसलेला असतो. हा माझा जुना आजार आहे आणि त्यावर मी कधी औषध घेतलं नाही. तंदुरी मोमो या शहरात आले, तेव्हा पहिल्या दिवशी ज्यांची जीभ भाजली त्यांत मी होतो. पोटात चीज भरलेला आलूबोंडा मी खाल्ला आहे. मोहफुलांची बिस्किटं निघाली तेव्हा दोन पुडे एकट्याने संपवले आणि तिसरा शेजाऱ्यांच्या नावाने आणला. चॉकलेटचा समोसाही खाल्ला आहे. तो करणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही, पण मधूनमधून जाऊन बघतो, सुधारला का म्हणून.

माझा दुसरा आजार नाटक. नोकरी कोळसा खाणीच्या कार्यालयात, पण दिवाळी सरली, धान घरात आलं, की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मांडव उभे राहतात आणि रात्र रात्र नाटकं चालतात. नागभीडपासून चिमूरपर्यंत मी दुष्ट माणसं केली आहेत. सावकार, कपटी मामा, गुत्तेवाला. चेहराच तसा आहे, रंगभूषेचा खर्च वाचतो. एका गावात मी नायिकेच्या आईला घराबाहेर काढत असताना प्रेक्षकांतून एक चप्पल आली आणि सरळ माझ्या छातीवर बसली. खलनायकाला याहून मोठं बक्षीस नाही. ती चप्पल मी घरी आणली आणि कपाटात, हारतुऱ्यांच्या शेजारी ठेवली. बायको म्हणाली, "अजी, पुरस्कार ठेवता तर निदान धुवून तरी ठेवा."

आता बायकोकडे येतो, कारण ही गोष्ट तिचीच आहे. मी फक्त तिच्या मध्ये मध्ये येतो.

तिचं माहेर गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाला लागून. पावसाळ्यात बांबूला जे कोवळे कोंब फुटतात, त्यांना आमच्याकडे वास्ते म्हणतात. तिच्या गावच्या बाया ते सोलतात, बारीक चिरतात, पाण्यात ठेवून कडूपणा काढतात, भाजी करतात, उरलं ते वाळवतात. गेल्या पावसाळ्यात बायकोने त्या बायांकडून वास्ते आणून त्यांचं लोणचं घातलं. जवसाचं तेल, मोहरी आणि तिच्या हातचा तिखटाचा अंदाज, जो कुणाचीही गय करत नाही. लोणचं मुरल्यावर मी पहिली फोड तोंडात टाकली आणि उठून उभा राहिलो. बसून खाण्यासारखं ते नव्हतंच.

एकच अडचण होती. वास. आंबूस, उग्र, जुन्या ओळखीच्या माणसासारखा अंगावर येणारा. बरणी उघडली की माणूस आधी मागे सरकतो आणि मगच पुढे येतो. या दोन हालचालींच्या मधला क्षण धोक्याचा. तेवढ्यात नको म्हणून मोकळे होणारे पुष्कळ.

बायकोच्या डोक्यात होतं, की हे लोणचं शहरातल्या हॉटेलात जावं. खोलीत पलंगाखाली बरण्याच बरण्या झाल्या होत्या. रात्री कूस बदलली की त्या एकमेकींना लागून वाजत. माहेरच्या बाया दर आठवड्याला फोन करत. "काऊन वो बाई, खाल्लं का मंग शहरातल्या लोकाईनं?" आणि बायको दर आठवड्याला सांगे, "खातीन ना. थांबा जरा."

उन्हाळा लागला तेव्हा तिने मला समोर बसवलं. "एका तरी हॉटेलच्या टेबलावर हे लागलं, तर बायाइले सांगतो, येत्या पावसात वास्ते माह्यासाठी राखून ठेवा म्हणून. नाई लागलं, तर बरण्या धुवून ठेवून देतो. पुन्हा नाव नाई काढणार."

"हे माझ्यावर सोड," मी म्हणालो.

"त्याचंच भेव वाटून राह्यलं मले," ती म्हणाली.

माझी योजना देखणी होती. हॉटेलवाल्याकडे जाऊन "घ्या हो आमचं लोणचं" म्हणणं म्हणजे भिकेसारखं. त्यालाच मोह पडला पाहिजे. म्हणून बायको एका टेबलावर एकटी बसेल, जेवण मागवेल, पिशवीतून बरणी काढेल. मी थोड्या वेळाने वेगळ्या वेशात येऊन शेजारच्या टेबलावर बसेन, अनोळखी माणसासारखा वास घेईन, एक फोड मागून घेईन आणि मग जे व्हायचं ते होईल. मालक ऐकेल, विचारेल, ऑर्डर देईल. पडदा.

पहिला प्रयोग बसस्टँडजवळच्या थाळीच्या हॉटेलात. मी नागपूरचा बडा साहेब. सफारी, बगलेत फाइल, कपाळावर आठ्या. फोड चाखली आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असा ओरडलो, "बाई! असं लोणचं मी आयुष्यात खाल्लं नाही! कुठलं हे?"

बायकोकडून उत्तर पाठ करून घेतलं होतं. ते ती बाराखडी म्हणावी तसं म्हणाली, "हे. वास्त्याचं. आहे. घरचं."

मालक गल्ल्यावरून एकटक माझ्याकडे पाहत होता. जाताना म्हणाला, "या साहेब पुन्हा. मजा आली." मजा आली! बाहेर आल्यावर मी बायकोला म्हटलं, लागला गळाला.

दुसरं हॉटेल इडली-डोशाचं, मालक राजुऱ्याच्या पलीकडून आलेला तेलुगू माणूस. तिथे मी पुण्याचा प्राध्यापक झालो. धोतर नेसलो होतो. "अहाहा! किती ही परिपक्व चव!" असं म्हणून डोळे मिटले, तर उघडल्यावर समोर डोसे टाकणारा, भांडी घासणारा आणि पाणी देणारा असे तिघे ओळीने उभे. मालक हात पुसत म्हणाला, "आमच्याकडे आवकाय आहे ना साब, दुसरं लोणचं कशाला? पण आप बैठो. और एक डोसा लो. पुढे बोला ना."

पुढे बोला! माझी छाती फुगली. बायको बरणीचं झाकण लावत होती.

तिसरं हॉटेल नवं, थंडगार एसीचं, वाघ बघायला येणाऱ्या लोकांचं. तिथे मी मुंबईचा पर्यटक. गळ्यात दुर्बीण, काळा चष्मा, डोक्यावर एवढी मोठी टोपी की दारातून तिरपा आलो. इथे मी जीव ओतला. फोड तोंडात टाकली, थबकलो, चष्मा काढला, डोळ्यांतून पाणी काढलं, जे तिखटामुळे आयतंच आलं होतं, आणि छातीवर हात ठेवून आनंदाने खुर्चीत कोसळलो. स्वयंपाकघराच्या दारात चार डोकी दिसली. कोणीतरी टाळी वाजवली. मालकाने आपण होऊन गुलाबजाम पाठवले आणि हळूच विचारलं, "आता कुठी आहे?"

"मूल रोडवरच्या पाटवडीवाल्याकडे," मी विजयाच्या भरात सांगून टाकलं. पुढचा प्रयोग कुठे, हे तो का विचारतोय, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. गुलाबजाम फार चांगले होते.

मूल रोडवरची ती खानावळ लहान. पत्र्याचं छत, कूलरची घरघर, पाटवडी-रस्सा आणि मडक्यावरची लांब रोटी. मालक नागभीडकडचा, तिशीतला. मी त्या दिवशी संन्यासी व्हायचं ठरवलं होतं. दाढी लावली होती, कमंडलू होता. ऊन असं की दाढीचा डिंक वितळून हनुवटीवर ओघळत होता. मी आत आलो तर सगळी टेबलं भरलेली, फक्त बायकोच्या शेजारचं एक रिकामं. त्यावर कागद ठेवला होता, "राखीव."

मी बसलो. नाक वर करून वास घेतला. "माते," मी सुरुवात केली, "हा कोणता दिव्य..."

"भाऊ," मालक पाण्याचा ग्लास ठेवत म्हणाला, "दाढी काढा. रश्श्यात पडन."

हॉटेलात हशा उसळला.

"वळखता मले?" मी दाढीतून विचारलं. आवाजही नकळत गावाकडचा झाला.

"तुमाले कोण नाई वळखत? मागच्या हिवाळ्यात आमच्या गावात सावकार तुमीच होते ना? आमच्या हॉटेलवाल्याइचा मोबाइलवर ग्रुप आहे. तुमचे तिन्ही पार्ट आले त्याच्यावर. काल सांगावा आला, 'उद्या सावकार तुह्याकडं येतो, जागा राखून ठेव.'" मग तो जाणकारासारखा मान हलवत म्हणाला, "प्रोफेसर बेस झाला. टुरिस्ट जरा जास्त झाला."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याची आई बाहेर आली. हाताला पीठ, पदर खोचलेला. माझ्याकडे निरखून पाहिलं आणि पिठाचं बोट माझ्यावर रोखलं. "हाच काय गा तो? यालेच मी चप्पल मारली होती!"

"आई, ते नाटक होतं," मालक ओशाळून म्हणाला.

"मले का समजत नाई? नाटक होतं म्हणून तर एकच मारली."

मी उठलो, दाढी काढली, कमरेत वाकून नमस्कार केला. "बाई, तुमची चप्पल मी घरी सन्मानाने जपून ठेवली आहे."

"मंग आणून दे ना बापा! एका पायाची घेऊन मी का करू?"

बायको हसत होती. डोळ्यांना पदर लावून, टेबलावर हात आपटून हसत होती. आणि मग हसता हसता थांबली. समोरच्या बरणीकडे पाहत राहिली.

"अजी," ती म्हणाली, "तीन हॉटेलं झाली. तिन्ही ठिकाणी ही बरणी उघडी होती. कोणी चमचा घातला का?"

मी आठवून पाहिलं. कोणीच घातला नव्हता.

"सगळे तुमचंच तोंड पाहून राह्यले होते. लोणच्याकडं पाहाले कोणाले सवड भेटली?" ती उठली. "आता तुमी मुके. एक शब्द नाई."

मी तोंड उघडलं. तिने नुसतं पाहिलं. मी मिटलं.

बरणी उचलून ती गल्ल्याशी गेली. पाठ केलेलं काही नव्हतं, म्हणून वाक्यं सरळ आली. "भाऊ, हे माह्या हातचं आहे. वास्ते माह्या माहेरच्या बाया काढतात. वास येते त्याले, खोटं नाई सांगत. पण तुमच्या पाटवडीसोबत चांगलं लागन, असं मले वाटते. एकदा खाऊन पाहा. आवडलं तर टेबलावर ठेवा, नाई तर नाई."

"हेच पहिले सांगतलं असतं तं," मालक म्हणाला, "भाऊले या उन्हात दाढी लावा लागली नसती."

त्याने बरणीवर वाकून वास घेतला. मागे सरकला. तो धोक्याचा क्षण आला. माझ्या घशात पंधरा वाक्यं दाटली; मी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. इतकी वर्षं मी मांडव दणाणून सोडले, पण गप्प बसण्याचा पार्ट कधी केला नव्हता, आणि त्यासारखा अवघड पार्ट नाही.

मालक पुढे झाला. फोड घेतली. चावली. आणखी एक घेतली, आणि रोटीचा तुकडा मोडला.

कोपऱ्यात कोळशाच्या ट्रकचा एक ड्रायव्हर भात खात होता. त्याने मान वर केली. "का आहे ते? इकडं पाठवा जरा." बायकोने स्वतः नेऊन वाढलं. तो वास घेऊन मागेबिगे सरकला नाही. ट्रकवाल्यांनी याहून बरंच काही हुंगलेलं असतं. त्याने भात कालवला, खाल्ला, आणि ताट पुढे करून म्हणाला, "भात आणा. अन् हेही." शेजारच्या टेबलावरून हात आला. मग त्याच्या मागच्या टेबलावरून. बायको बरणी घेऊन टेबलांमधून फिरत होती आणि माझ्याकडे कोणीही, अगदी कोणीही पाहत नव्हतं.

शेवटी मालकाच्या आईने बोटाने फोड घेतली. बराच वेळ चावली. सगळं हॉटेल तिच्याकडे पाहत होतं, कारण त्या हॉटेलात शेवटचा शब्द तिचा.

"इतका चांगला हात," ती म्हणाली, "अन् देला कोणाले, तं या सावकाराले!" मग मुलाकडे वळली. "उद्यापासून सगळ्या टेबलावर ठेव."

बायकोने बरणी खाली ठेवली. ती पिशवीतून मोबाइल काढून तडक बाहेर गेली, भर उन्हात.

आम्ही खिडकीतून पाहत होतो. रस्त्यावर काळं कुत्रंसुद्धा नव्हतं. ती कडुनिंबाखाली उभी राहून कानाला मोबाइल लावून माहेरच्या बायांशी बोलत होती, आणि काचेतून ऐकू येत नव्हतं तरी सगळं समजत होतं. ती नाक वर करून वास घेणारा संन्यासी झाली. हनुवटीवरून ओघळणारी दाढी झाली. मागे सरकणारा आणि पुढे येणारा मालक झाली. ताट पुढे करणारा ड्रायव्हर झाली, आणि मग पदर खोचून, एक बोट रोखून, मालकाची आई झाली. तिथेच ती इतकी हसली की झाडाला टेकली. मग पोती भरावीत तसे हात पसरून तिने काहीतरी सांगितलं. म्हणजे वास्ते. येत्या पावसातले.

मालकाची आई माझ्या शेजारी येऊन उभी होती. तिने कडुनिंबाकडे बोट केलं.

"काऊन गा सावकार," ती म्हणाली, "नाटकात इले काऊन नाई घेत?"

याला माझ्याकडे चांगलं लांबलचक उत्तर होतं. मी श्वास घेतला, हात उचलला. मालकाने ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्यापुढे पाटवडीची ताटली सरकवली. ताटलीच्या कडेला वास्त्याची एक फोड होती.

मी उभं राहूनच खाल्ली.