राजूरच्या लग्नाचं शूटिंग

टेंभुर्णीत रामकिसनला कोणी "काय चाललंय?" असं विचारलं, तर तो पीकपाणी दोन वाक्यांत उरकायचा आणि राजूरच्या लग्नावर यायचा. ते लग्न त्याच्या पुतण्याचं, भारतचं. त्याला नऊ वर्षं झाली. भारतचा पोरगा शाळेत जायला लागला, आणि ज्या मंगल कार्यालयात ते लग्न लागलं तिथं आता खताचं गोदाम आहे. पण रामकिसनच्या लेखी ते लग्न अजून पुरतं लागलेलं नव्हतं, कारण त्यात त्याला मानाची टॉवेल-टोपी मिळाली नव्हती.

आपल्याकडच्या लग्नात भाजी खारट झालेली चालते. नवरदेव उन्हात दोन तास नाचत राहिला तरी चालतं. पण मंगलाष्टकांच्या आधी माइकवरून एकेकाचं नाव पुकारून, स्टेजवर बोलावून, टॉवेल-टोपी द्यावीच लागते. त्यात एक नाव राहिलं की एक घर तुटलं म्हणून समजा. आणि इथं तर राहिलेलं नाव नवरदेवाच्या सख्ख्या चुलत्याचं होतं. रामकिसनचं म्हणणं, सरपंचाला दिली, व्याह्याच्या मेव्हण्याला दिली, मांडववाल्यालासुद्धा दिली, माझं नावच घेतलं न्हाई. थोरला भाऊ राधेश्याम, म्हणजे भारतचा बाप, म्हणायचा, नाव घेतलं होतं. साक्षीदार दोन्हीकडं होते. ज्यांनी नाव ऐकलं होतं ते राधेश्यामच्या घरचं जेवलेले म्हणून बाद. ज्यांनी ऐकलं नव्हतं ते त्या लग्नाला गेलेच नव्हते, पण रामकिसन त्यांची साक्ष धरायचा.

खरं सांगायचं तर त्याची तक्रार सुरुवातीला एवढी मोठी नव्हती. तेव्हा तो म्हणायचा, "नीट बोलावलं न्हाई." पुढं ते "तोंडदेखलं बोलावलं" झालं, आणि आणखी पुढं "बोलावलंच न्हाई". गोष्ट सांगून सांगून इतकी गुळगुळीत झाली की शेवटी त्याला स्वतःलाही ती तशीच आठवायला लागली. तो खोटं बोलत होता असं म्हणता येणार नाही. खोटं बोलायला खरं काय ते लक्षात असावं लागतं.

त्याचा हुकमाचा पत्ता एकच होता. "शूटिंग काढा! शूटिंगात दिसंल!" हे तो छातीठोकपणे म्हणायचा, कारण शूटिंगात काही दिसत नव्हतं. लग्नाच्या डीव्हीडीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चिकटवलेली होती आणि टॉवेल-टोपीचा सगळा कार्यक्रम फुलांच्या पाकळ्यांसारख्या उडणाऱ्या चार फोटोंत उरकला होता. पुढं तर गावातले डीव्हीडी प्लेअरही भंगारात गेले. त्यानंतर रामकिसनचा आवाज आणखी चढला.

दोघा भावांची घरं एकाच गल्लीत, मध्ये एक लिंबाचं झाड. नऊ वर्षं दोघं त्या झाडाच्या दोन बाजूंनी ये-जा करत होते. बायकांच्या भाजीच्या वाट्या मात्र बिनदिक्कत इकडून तिकडं जात. आणि तृप्ती, राधेश्यामची मुलगी, तिला हा अबोला कधी लागूच झाला नाही. रामकिसनला मुलगी नव्हती. ही पोर लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून बाजार बघायची. आता ती जालन्याला नर्स होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. पत्रिका घेऊन ती काकाकडं आली.

"काका, तुम्ही येणार का?"

"नाव न घेणाऱ्याच्या दारात मी कसा येऊ?"

"तुम्ही न्हाई आले तर मी लग्न करणार न्हाई असं काही म्हणत न्हाई मी. करीन. पण निघताना तुमच्याकडं बघून रडायचं ठरवलंय. तुम्ही न्हाई दिसले तर कोणाकडं बघून रडू?"

रामकिसननं पत्रिका उलटीकडून वाचायला घेतली. त्याला लग्नाला जायचं होतं. जगात दुसरी कसलीही इच्छा त्याला एवढी नव्हती. पण नऊ वर्षं पोसलेली ती तक्रार आता त्याच्या आणि मांडवाच्या मध्ये बसकण मारलेल्या बैलासारखी आडवी बसली होती. तो म्हणाला, "शूटिंगात दाखव. माह्यं नाव ऐकू आलं तर मांडव घालायला येतो. न्हाई आलं तर तुह्या बापानं इथं येऊन कबूल करायचं. आणि मोबाइलवर न्हाई, टीव्हीवर. मोबाइलवर माणूस मुंगीएवढा दिसतो. मुंगीला कसला आलाय मान?"

तृप्ती उठली ती थेट बाजारगल्लीत साजिदकडं गेली. साजिद आता मोबाइल दुरुस्त करायचा, पण त्या काळी तो शूटिंगवाला होता आणि राजूरचं लग्न त्यानंच काढलं होतं. त्याचा एक गुण म्हणजे तो काही पुसत नसे. गाणी चिकटवायच्या आधीचं, कॅमेऱ्यातून निघालेलं कच्चं शूटिंग त्याच्या जुन्या कॉम्प्युटरात तसंच पडून होतं. तृप्तीनं विचारलं, "साजिदभाई, काकांचं नाव पुकारलं होतं का?" साजिद म्हणाला, "मी लग्न बघत न्हाई ताई. मी फोकस बघतो." आणि त्यानं सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर टाकून दिल्या.

रविवारी सकाळी रामकिसनच्या घरी गल्ली जमली. निवाडा करायला गोजरआत्याला खुर्ची दिली. ती दोघा भावांची आत्या, घराण्यात तीच मोठी, आणि तिला ऐकू येत नव्हतं. तृप्तीनं टीव्हीच्या पाठीमागं हात घालून, दोनदा उलटा घालून, तिसऱ्यांदा पेनड्राइव्ह बसवला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे अशा नावांच्या फाइलींची रांग आली. एक उघडली तर नुसती खुर्च्यांवर कव्हरं चढवणारी माणसं. दुसरीत आचारी. तिसरीत एकदम स्टेज आलं, फेटा बांधलेला राधेश्याम आला, माइकवाला आला, पण आवाज आला नाही. दुर्गाबाईनं, म्हणजे रामकिसनच्या बायकोनं, रिमोटचं बटण शेवटपर्यंत दाबून धरलं. पडद्याच्या खाली एक ओळ आली. तृप्तीनं वाचून सांगितलं, "या फाइलीचा आवाज या टीव्हीला चालत न्हाई."

"चित्र चालतं आन् आवाज चालत न्हाई?" दुर्गाबाईला ते पटलं नाही. "एकाच लग्नाचं हाय ना?"

"चालू दे," रामकिसन म्हणाला. "डोळे हायेत आपल्याला."

मग सगळ्यांनी ते मुकं लग्न बघितलं. माइकवाल्याचं तोंड हलायचं आणि कोणीतरी स्टेजवर चढायचं. सरपंचाला तर राधेश्याम स्वतः खाली उतरून हाताला धरून घेऊन गेला. मध्येच कॅमेरा पाहुण्यांवरून फिरला आणि दुसऱ्या रांगेत, कूलरच्या बाजूला, रामकिसन दिसला. केस काळे, शर्ट पांढरा. माइकवाल्याचं तोंड हललं. रामकिसननं कॉलर नीट केली. पुन्हा हललं. रामकिसननं पायावरचा पाय काढून दुसरा पाय टाकला आणि वरच्या पंख्याकडं बघितलं.

"बघा, कसा गुमान बसून राह्यला बिचारा," शेजारची कोणीतरी हळहळली. रामकिसनलाही स्वतःची दया आली.

थोड्या वेळानं ती खुर्ची रिकामी दिसली. मग राधेश्यामनं माइक स्वतःच्या हातात घेतला, माणसांच्या डोक्यांवरून लांब बघत काहीतरी बोलला, पुन्हा बोलला. दुसऱ्या हातात त्याच्या एक टोपी होती.

"पाहुण्यांचे आभार मानून राह्यला," रामकिसननं सगळ्यांना समजावलं.

राधेश्यामनं माइक दिला, टोपीची घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवली.

"ही बघा! माह्या वाट्याची टोपी! खिशात घातली!" रामकिसन उभाच राहिला. गल्लीनं एकमेकांकडं बघितलं. तृप्ती म्हणाली, "आवाज न्हाई काका, हे कसं धरायचं? मी साजिदभाईकडून..." पण गोजरआत्यानं हात वर केला. तिला तर हे लग्न एरवी मालिका दिसतात तसंच, बिनआवाजाचं दिसलं होतं. ती म्हणाली, "रामकिसनचं खरं हाय. नाव घेतलं न्हाई. मी सगळं बघितलं."

गल्ली पांगली. तृप्तीला ड्यूटीवर जायचं होतं, तिनं काकाच्या पाया पडून बस गाठली. लग्नाला येणार का, असं तिनं पुन्हा विचारलं नाही, हेच रामकिसनला लागलं. नऊ वर्षं भांडलेला खटला तो जिंकला होता, आणि आता लग्नाला जायची सोय राहिली नव्हती. राधेश्याम काही कबूल करायला येणार नव्हता, आणि जिंकलेल्या माणसानं आपण होऊन कसं जायचं? दुपारी ताटात त्याला आवडणारं पिठलं होतं, तरी त्यानं अर्धी भाकर टाकली. त्याला वाईट वाटत होतं, चांगलंच वाईट वाटत होतं, आणि सांगायची चोरी होती.

चार वाजता त्यानं टीव्हीमागचा पेनड्राइव्ह काढला, खिशात टाकला आणि साजिदच्या दुकानी गेला. आपण हरावं असं त्याला वाटत होतं काय, हे त्याला कोणी विचारलं असतं तर त्यानं त्याच्याशीही अबोला धरला असता. साजिदला तो म्हणाला, "पुरावा पक्का पाहिजे. आवाजासकट."

साजिदनं फाइल बघितली. "काका, कॅमेरा चित्र आन् आवाज अलग अलग बांधून ठेवतो. तुमच्या टीव्हीला चित्राची गाठ सुटते, आवाजाची सुटत न्हाई. मी आवाज दुसऱ्या तऱ्हेनं बांधून देतो, बिलकुल सुटंल."

"किती येळ लागंल?"

"आवाजच हाय काका, जल्दी होईल."

घरी दुर्गाबाई एकटीच गहू निवडत होती. रामकिसननं पेनड्राइव्ह लावला, दार लोटून घेतलं आणि मुळात गरज नसताना खोकला. फाइल सुरू झाली. या वेळी आधी कूलरची घरघर आली, मग लेकरांचं रडणं, मग सनईची टेप, आणि मग माइकवाला.

"नवरदेवाचे चुलते रामकिसनराव, यांनी स्टेजवर यावं."

पडद्यावरच्या रामकिसननं कॉलर नीट केली.

दुर्गाबाईचा गव्हातला हात थांबला. "कॉलर," ती म्हणाली.

"काय कॉलर?"

"नाव ऐकून कॉलर नीट केली तुम्ही."

"गरम होत होतं."

"रामकिसनराव, जिथं असतील तिथून यावं, विनंती आहे." पडद्यावरच्या रामकिसननं पायावरचा पाय बदलला आणि पंख्याकडं बघितलं.

आता त्याला सगळं आठवलं. कूलरचा वाससुद्धा आठवला. पहिल्या हाकेला उठलो तर टोपीसाठी हपापल्यासारखं दिसेल, म्हणून तो उठला नव्हता. सरपंचाला हाताला धरून नेलं, मग सख्ख्या भावाला नुसती हाक? दुसऱ्या हाकेलाही तो बसून राहिला. येतील, धरून नेतील. कोणी आलं नाही. तेव्हा तो ताडकन उठला, आधीच बसवलेल्या बायकांच्या पंगतीत जाऊन दुर्गाबाईला वाढलेल्या ताटावरून उठवलं आणि बाहेर गाडीकडं गेला. त्यापुढचं त्याला आठवायचं कारण नव्हतं, कारण त्यापुढं तो तिथं नव्हता.

टीव्हीत माइक खरखरला. राधेश्यामचा आवाज आला, नऊ वर्षांपूर्वीचा, आतासारखा दम न लागणारा.

"रामा... आरं रामा, कुठं बसला? ये ना भाऊ. तू आल्याबिगर अक्षता वाटत न्हाई मी."

कोणीतरी हसलं. राधेश्याम टोपी हातात धरून दाराकडं बघत राहिला. "रामा!" तो पुन्हा म्हणाला. आणि त्या हाकेच्या मागं, कार्यालयाच्या बाहेर कुठंतरी, एक मोटरसायकल किका मारूनही सुरू होत नव्हती. मग ती सुरू झाली आणि तिचा आवाज लांब जात राहिला. रामकिसननं स्वतःची गाडी लगेच ओळखली. थंड असली की ती तशीच करायची.

राधेश्यामनं टोपीची घडी घालून खिशात ठेवली. फाइल संपली.

दुर्गाबाईनं मूठभर गहू पुढं ओढले. मग म्हणाली, "माह्या ताटात बुंदी होती," आणि पुन्हा गहू निवडायला लागली.

रामकिसननं टीव्ही बंद केला. चपला घातल्या. लिंबाच्या झाडापर्यंत तो सवयीनं आपल्या बाजूनं गेला आणि तिथून पलीकडं वळला. राधेश्याम ओट्यावर बाजेवर बसून विळ्याला धार लावत होता. त्यानं मान वर केली, भावाला बघितलं आणि धार लावणं चालूच ठेवलं.

"कोणी बोलावलं तुला?" तो म्हणाला.

"तू."

"मी? कधी?"

"राजूरला. माइकवरून. आवाज आत्ता आला."

राधेश्यामचा हात थांबला. त्यानं विळ्याची धार अंगठ्यावर बघितली. रामकिसनला वाटलं होतं भाऊ चार शब्द सुनावेल, ते ऐकायच्या तयारीनंच तो आला होता.

"ती टोपी न्हाई आता," राधेश्याम शेवटी म्हणाला. "त्याच वर्षीच्या पोळ्याला गड्याला देऊन टाकली."

"बरं केलं."

"तृप्तीच्या लग्नात नवी घ्यावी लागंल. पण पुकारल्यावर येशील का?"

"पुकारू नको. मी आधीच स्टेजवर येऊन बसतो."

राधेश्यामनं विळा बाजूला ठेवला आणि बाजेवर सरकून जागा केली. मग मान वळवून घरात ओरडला, "चहा ठेवा! रामा आलाय!" हाक तीच होती, फक्त माइक नव्हता.