धाकट्या जावेचा फॉर्म
कडुनिंबाच्या मोहोराचा कडसर गोड वास गच्चीवर आला की मला धाकट्या जावेचा तो फॉर्म आठवतो. लक्ष्मी गेट या शहराच्या जुन्या वेशीजवळच्या आमच्या याच गच्चीवर मी तिला ध्यानाला बसायला शिकवलं होतं, आणि आता दीर तिला ध्यानशिक्षकाच्या प्रशिक्षणाला परदेशी पाठवणार होते. माझ्यासाठी असं कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ती मोबाइल घेऊन आली. इथल्या हिंदी चालीनं ती मला, थोरल्या जावेला, जीजी म्हणते. "जीजी, दोन कोर्स आहेत. तुमचं इंग्रजी चांगलं, तुम्हीच वाचून सांगा." एक श्रीलंकेतला, सहा महिने एका वृद्ध गुरूंजवळ मौनात बसायचा; दुसरा बालीतला, महिनाभराचा, त्यात समुद्रकिनाऱ्याचे फोटोच जास्त. पहिला मी दोनदा वाचला, कारण तिथे मला जायचं होतं. "बालीचा बरा," मी म्हटलं, "लवकर परत येशील." "पक्का?" "पक्का." तिनं तिथेच फॉर्म भरायला घेतला आणि 'ध्यान कुणाकडे शिकलात' या प्रश्नापुढे माझं नाव लिहिलं. तेव्हाही मला खरं सांगता आलं असतं, पण मी वाळलेले कपडे गोळा करत राहिले. महिन्यानं परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "छान होतं, पण बसायला फार मिळालं नाही." आज तिचा वर्ग चालतो. कुणी विचारलं तर ती कौतुकानं सांगते, कोर्स जीजींनी निवडून दिला. आणि मी शेजारी उभी राहून ते ऐकून घेते.