उभ्या उभ्या झिजलेली लॉरी

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. वाडीतल्या पाचोळ्यासारखे ते आपले आपण साठतात. सकाळी झाडून काढावेत, तर दुपारी पुन्हा पायाखाली कुरकुरतात! परवा वसईच्या एव्हरशाईन कॉलनीत राहणारा माझा नातू नव्या गाडीबद्दल सांगत होता. म्हणाला, "आजी, गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते. तुला नाही कळायचं ते." मी म्हटलं, "बाळा, आमच्या घराने ते तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी शिकून ठेवलंय. तेही फी भरून!"

मग त्याला आमच्या लॉरीचे किस्से सांगावेच लागले.

*

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मी नवी नवरी, निर्मळच्या बाजूला सासरी आलेली. आमची केळी, माड आणि घरामागे पानमळा. गावाचा सगळा माल बैलगाडीने वसईच्या स्टेशनावर जायचा. माझे मामंजी, म्हणजे सासरे, त्यांना सारा गाव तात्या म्हणे. त्यांनी एके दिवशी लॉरी आणली!

लॉरी वळणावर दिसली आणि विहिरीवरच्या बाया घागरी तिथेच टाकून धावल्या. मी ओटीवरून पाहत होते. एवढं मोठं तोंड, एवढे मोठे डोळे, आणि आवाज तर असा की माडावरचे कावळे उडाले. मला वाटलं, हिला गोठ्यात बांधणार कुठे?

पैसे मुंबईच्या एका शेठचे. थोडे आपण द्यायचे, बाकीचे हप्त्याने. हप्ते फिटेपर्यंत लॉरीचे कागद त्याच्याकडे. आणि वर हमी म्हणून पानमळा लिहून दिलेला.

सासूबाईंनी लॉरीला ओवाळलं, नारळ फोडला. ड्रायव्हर इनास म्हणाला, "बाय, माझंपण ऐका," आणि फादरना बोलावून आणलं. फादरनी चारी चाकांवर पवित्र पाणी शिंपडलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. एक देव जेवायला बसला, तर दुसरा तरी लक्ष ठेवील!"

*

तरी शेठचा एक हट्ट होताच. विमा!

विम्याचा साहेब आला. डोक्यावर टोपी, पायात बूट, बोलणं फार गोड. लॉरीचं काही बरंवाईट झालं तर कंपनी पैसे देईल, असं त्याने सांगितलं. मामंजी उठून उभेच राहिले. असं काही त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"म्हणजे आमचं नुकसान झालं की तुम्ही रडणार?"

"रडणार नाही काका. भरपाई देणार."

"वा! सख्खे भाऊ नुसतेच रडतात हो!"

मामंजींनी त्याला केळ्यांचा घड दिला आणि वेशीपर्यंत पोचवायला गेले.

*

वर्षाने तोच साहेब पुन्हा आला. लॉरीभोवती फिरला आणि गेल्या वर्षीपेक्षा कमी किंमत सांगितली.

मामंजींना वाटलं, काहीतरी चुकलं असेल. "साहेब, लॉरी तीच आहे. चाकंही सगळी आहेत."

"काका, वर्ष गेलं ना. किंमत उतरते."

"आमच्या माडाचं वर्ष गेलं की चढते!"

"माड वाढतो. लॉरी झिजते."

साहेब गेल्यावर मामंजी वाकून वाकून लॉरीखाली बघत होते. इनासला विचारलं, "कुठून गळते रे ही किंमत? बूच बसवता येईल का?"

*

माझ्या मामंजींनी हार मानली असती, तर ते मामंजी कसले! त्यांनी विचार केला. झिजते ती चालल्यामुळे. कोळी लोक पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकतात. नारळी पौर्णिमेला होडी तशीच्या तशी बाहेर येते. मग लॉरीलाही विसावा द्यायचा!

माडाच्या झापांचा मोठा मांडव घातला. लॉरी आत गेली. सबंध पावसाळा ती बाहेर निघाली नाही. इनासने हॉर्न वाजवला तरी मामंजी आतून ओरडत, "झोपू दे तिला!" हप्ते मात्र चालूच. ते केळ्यांच्या पैशातून जात. सासूबाई म्हणायच्या, "पाहुणी झोपून खाते, आणि घरचे उभ्याने उपाशी!"

पावसाळा सरला. साहेब आला. मामंजींनी नव्या नवरीचा पदर बाजूला करावा तशी झापं बाजूला केली. "बघा साहेब! जाग्यावरून हलली नाही. आता बोला!"

साहेबाने पाहिलं. किंमत गेल्या वेळेपेक्षाही कमी!

"अहो, उभी होती हो!"

"काका," साहेब अगदी हळू आवाजात म्हणाला, "उभी असली तरी उतरते."

मामंजी मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसले. रागावले नाहीत. मोठा साक्षात्कार झालेला माणूस दिसतो, तसे दिसत होते.

त्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "आपल्या घरात आणखी काय काय असं बसल्या जागी झिजतं?"

सासूबाई भात वाढत होत्या. त्यांनी मामंजींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आता मी काय सांगू!"

*

मग एकदा लॉरी भिवंडीला माल टाकून रिकामी परत येत होती. कामणच्या उतारावर ब्रेक लागेना. इनासने बाहेर उडी मारली आणि लॉरी एकटीच खाली गेली. नाल्यातल्या खडकावर आदळून तिचे दोन तुकडे झाले.

इनास चालत गावात आला. कोपरं सोललेली, अंगभर माती. अंगणात येऊन उभा राहिला. मामंजींनी त्याचे हात पाहिले, पाय पाहिले, मान इकडेतिकडे फिरवून पाहिली.

"तात्या, लॉरी..."

"जेवलास का?"

इनास तिथेच रडायला लागला. त्याला पिठलंभात वाढेपर्यंत मामंजींनी लॉरीचं नाव काढू दिलं नाही. मी चुलीजवळ होते. माणूस असा असतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

*

आता खरी गंमत!

आमच्याकडे रीत अशी, की कोणाच्या चुकीने दुसऱ्याचा माड पडला तर गावचे पंच जातात. पडलेल्या झाडापाशी बसतात आणि तो उभा असता तर पुढे किती वर्षं किती नारळ देता, त्याचा हिशेब धरतात. मामंजींना वाटलं, विम्याचंही तसंच असणार. नुकसान मोजायला कंपनीचा सर्व्हेयर नाल्यात उतरला तेव्हा आमचे पंच तिथे आधीच येऊन बसले होते. पानाचा डबा मधोमध!

सर्व्हेयर म्हणाला, "लॉरी किती वर्षं चालली?"

पंच म्हणाले, "ते सोडा. अजून किती वर्षं चालली असती ते विचारा!"

"टायर किती झिजलेत?"

"पुढच्या हंगामात केळी किती वाहिली असती, ते लिहा!"

सर्व्हेयर मागचं वजा करतोय, आमचे पंच पुढचं मिळवतायत. शेवटी त्याने टोपी काढली, घाम पुसला आणि मामंजींना म्हणाला, "काका, या लोकांना आमच्या ऑफिसात बसवलं, तर कंपनी आठवडाभरात बुडेल!"

"बुडाली तर बुडू दे," सर्वांत म्हातारे पंच म्हणाले. "भरपाई आम्ही ठरवून देऊ!"

*

पैसे आले. कंपनीने शब्द पाळला, खोटं का बोला. पण दिले ते झिजून उरलेल्या लॉरीचे. आणि तेही आमच्या हातात नाहीत, परस्पर शेठच्या. कागद त्याच्याकडे होते ना!

माझे धाकटे दीर चार इयत्ता शिकलेले. त्यांनी घरात समजावलं, "लॉरीची किंमत भराभर उतरली. कर्ज सावकाश उतरत होतं. विम्याचे सगळे पैसे घातले तरी कर्ज उरलंच."

"म्हणजे लॉरी मेली, तरी तिचे हप्ते जिवंत?" मामंजींनी विचारलं.

"हो. आणि एक जरी चुकला, तर पानमळा जाईल."

पानमळा सासूबाईंनी लहान लेकराला न्हाऊ घालावं तसा पाणी घालून वाढवलेला. त्या उठल्या आणि परसदारी गेल्या. किती तरी वेळ वेलींमध्ये नुसत्या उभ्या होत्या.

*

गावात पास्कू गाडीवान होता. दोन पांढरे बैल आणि तोंडात कायम विडी. लॉरी आली तेव्हा सगळ्यांत जास्त नुकसान कोणाचं झालं असेल, तर पास्कूचं. सगळा माल लॉरीवर गेला आणि त्याचे बैल दावणीला बसून राहिले. तेव्हापासून आमच्या दारावरून जाताना तो तोंड समुद्राकडे फिरवायचा. मामंजींनी हाक मारली तरी ओ द्यायचा नाही.

लॉरी गेली आणि माल पुन्हा पास्कूच्या गाडीत आला. गाव म्हणायचं, आता पास्कू मिशीला पीळ देत फिरणार!

लॉरी गेल्यानंतरच्या पहिल्या हप्त्याचा दिवस आला. पैसे पुरे पडत नव्हते. तेवढ्यात अंगणात बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. पास्कू उतरला आणि त्याने ओटीवर एक फडकं ठेवलं. आत पैसे.

"हे काय?" मामंजी म्हणाले.

"लॉरीचं भाडं."

"अरे, लॉरी कुठे आहे?"

"माल लॉरीचाच हाय तात्या. मी निस्ता वडतो. बैलांचं बैलांना काढून घेतलं, लॉरीचं लॉरीला आनलं."

"पास्कू, तुझा-माझा तर बोलण्याचाही संबंध नव्हता!"

"आजपन नाय," पास्कू म्हणाला आणि निघून गेला.

दर महिन्याला तो यायचा. पाणी घ्यायचा नाही, बसायचा नाही. फडकं ठेवायचं, रिकामं फडकं घ्यायचं, चालायला लागायचं. सासूबाईंनी एकदा पानमळ्यातली कोवळी पानं त्याच्यापुढे धरली. त्याने पानं बैलांपुढे धरली. बैलांनी खाल्ली!

हप्ते फिटले त्या दिवशी मामंजी धोतर नेसून, कोट घालून अंगणात त्याची वाट बघत थांबले. पास्कू आला, फडकं पुढे केलं.

"नको रे," मामंजी म्हणाले. "फिटलं सगळं. पानमळा सुटला."

"सगळं? नक्की?"

"नक्की."

पास्कूने फडकं पुन्हा कमरेला खोचलं, गाडीवर चढला आणि कासरा हातात घेतला.

"मग उद्यापास्ना आपलं पयल्यासारखं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी आमच्या दारावरून गेली. मामंजी दोन्ही हात जोडून ओटीवर उभे होते. पास्कूचं तोंड समुद्राकडे होतं.