सोयरेभेटीचं गणित

"रिकामी जागा फुकट नसते बे," असं म्हणत माझी वर्गमैत्रीण माझ्या पाठीत असा धपाटा घालायची, की विद्यापीठातली सगळी कबुतरं शेजारच्या जिल्ह्यात जाऊन बसायची.

आम्ही दोघं तिथं संगणकीय जीवशास्त्र शिकायला; मी धाडचा, ती अमडापूरची. डीएनएच्या दोन साखळ्या समोरासमोर लावायच्या. जुळलं तिथं गुण, विजोड जोडीला दंड, जागा रिकामी सोडली तर तिचाही दंड. क्रम मोडायचा नाही. एवढं कळेस्तोवर माझे अर्धे केस गेले. तिनं मात्र ते थेट बहिणीच्या लग्नातल्या सोयरेभेटीला लावलं.

सोयरेभेट तुम्ही पाहिलीच असेल. इकडचा मामा तिकडच्या मामाला, काका काकाला मांडवात गळाभेट देतो, आणि पुढच्या सात पिढ्यांचे रुसवे तिथंच जन्म घेतात. वडील तिला म्हणाले होते, हे बिनरुसव्याचं पार पाड, मग संशोधनाला खुशाल हैदराबादला जा. तिनं दोन्हीकडचे सोयरे मानाच्या क्रमानं संगणकात भरले, जुन्या भांडणांना दंड लावला आणि निघाल्या तशा जोड्या पुकारल्या.

मामा भेटले. मग तिचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, हात पसरून उभे राहिले, आणि समोर कोणीच नाही. नवरदेवाच्या काकांशी त्यांचं शंकरपटातल्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलांवरून जुनं वाकडं, म्हणून संगणकानं दोघांपुढंही जागा रिकामी सोडलेली. मांडव असा चिडीचूप, की पार जानेफळ गावात कोणी फोडणी घातलेली ऐकू आली.

"मले कोणीच नाही काय?" म्हणत मोठेबाबा जीपकडं निघाले.

ती आडवी गेली. "मोठेबाबा, चूक माही हाय. भांडणाचा दंड लय धरला, रिकाम्या जागेचा कमी." तिथंच उभ्या उभ्या तिनं फोनवर आकडे बदलले. "पाहा, आता मशीन तुमा दोघायलेच समोरासमोर आणते."

नवरदेवाचे काका मिशीतल्या मिशीत म्हणाले, "मशीनले बैलातलं काय समजते? ये बे इकडं."

मिठी अशी बसली, की मांडवाचे खांब हातभर सरकले. वडिलांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि लेकीला एवढंच विचारलं, "हैदराबादले थंडी पडते का वं?"

ती निघाली त्या सकाळी स्टँडवर दोघं म्हातारे हजर. तिची पेटी एसटीत कोण चढवणार यावरून अशी जुंपली, की पेटीची एक कडी याच्या हातात, एक त्याच्या. कंडक्टरनं घंटी मारली. ती खिडकीतून हसत, हात हलवत गेली, आणि पेटी खालीच, दोघांच्या मधोमध.