तुरटीतलं तोंड

आमच्याकडे दृष्ट काढायची ती मीठ-मोहरीने. मूल फारच किरकिर करू लागलं तर तुरटीने. तुरटीचा खडा मुलावरून सात वेळा उतरवायचा आणि निखाऱ्यावर टाकायचा. खडा पाघळतो, खदखदतो, फुगतो आणि शेवटी पांढरा, ठिसूळ गोळा उरतो. ज्या बाईची नजर लागली तिचं तोंड त्या गोळ्यात उमटतं, असं सगळे मानत. माझी सासू एरंडोलकडची, तोंडं ओळखण्यात पटाईत. गल्लीतल्या बायका आपापले गोळे ताटलीत घेऊन तिच्याकडे येत.

मी थोरली सून. माझं माहेर पिंपळनेर. शाळा चौथीपर्यंत, वर्गात पहिला नंबर, मग बापाने घरी बसवलं. जळगावात मेहरूणला दिली. सासरे, म्हणजे आबा, यांना डोळ्यांनी कमी दिसे, तेव्हा रोज दुपारी वर्तमानपत्र मी वाचून दाखवायची. जोडाक्षराला अडखळायची, पण वाचायची. घरात तेवढाच माझा मान होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धुळ्याची मॅट्रिक झालेली जाऊ घरात आली. तिचे वडील तिथल्या हायस्कुलात शास्त्र शिकवत. चौथ्या दिवशी आबांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि तिच्या हातात दिला. ती न अडखळता वाचत गेली. मी उठून भांडी घासायला गेले. त्या दिवशी एक वाटी चेपली.

ती गोड होती, कामसू होती, मला अक्का म्हणायची. तिच्यात खोट काढता येत नव्हती, याचाच मला जास्त राग. एकदा डाळीत घालायची साखर पळीत करपली. मी सहज म्हणाले, "साखर अशी पाघळते, मीठ मेलं कितीही भाजा, तडतडतं नि तसंच राहतं."

हा प्रश्न लहानपणापासून माझ्या डोक्यात होता. कुणाला विचारला नव्हता. तिने पीठ मळता मळता उत्तर दिलं.

"मिठाचे कण दोन जातींचे असतात, अक्का. एक दुसऱ्याला ओढतो. एकाच्या भोवती सगळीकडून दुसऱ्या जातीचे, त्यांच्या भोवती पुन्हा पहिल्या जातीचे, अशा रांगाच रांगा. चुलीच्या आचेने ती ओढ सुटत नाही. आतला ओलावा फुटतो, त्याची तडतड. साखरेचा कण आतून पक्का, पण शेजारच्याला सैल धरून असतो. थोड्या आचेवर सुटतो, नि जास्त तापला तर आतूनही मोडून काळा पडतो."

"म्हणजे भावकीसारखं," मी म्हणाले. ती हसली. मला हसू आलं नाही. प्रश्न माझा होता, इतकी वर्षं सांभाळलेला, आणि उत्तर तिच्याकडे नुसतं पडून होतं.

हे सगळं तिच्या एका वहीत होतं. निळ्या पुठ्ठ्याची वही, आत मिठाच्या चौकोनांची चित्रं. ती धुणं घेऊन गेली असताना मी ती वही तिच्या ट्रंकेतून काढली आणि ज्वारीच्या कणगीत खोल खुपसली. वाचायला घेतली नव्हती. तिच्याकडे नसावी म्हणून घेतली.

तिला मुलगा झाला. मला दोन मुली. सासूचे गुडघे गेलेले, म्हणून त्याला पायावर घेऊन न्हाऊ मी घालायची. सहा महिन्यांचा असताना तो तीन दिवस रडत राहिला. शनिवारी तिन्हीसांजेला सासूने तुरटी उतरवली. गोळा निवल्यावर तिने तो ताटलीत घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"हाई नाक देखा बठ्ठा," ती सगळ्यांना म्हणाली. "बसकं नाक. कोनं शे?"

घरात बसकं नाक माझं एकटीचंच होतं.

"उद्यापासून पोराला हात लावायचा नाही," सासू मला म्हणाली. "आणि पोर बरं होईपर्यंत माहेरी जाऊन राहा. धाडते मी कुणाबरोबर तरी."

नजर लावली म्हणून माहेरी धाडलेली बाई परत आली तरी जन्मभर तशीच राहते. कुणी तिच्यापुढे मूल आणत नाही. आमच्या गल्लीत तशी एक होती.

तेवढ्यात जाऊ सासूला म्हणाली, "आत्याबाई, तुरटी कुणावरून न उतरवता टाकली तरी अशीच फुगते."

"कुठे लिहिलंय?" आबांनी विचारलं. लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास.

"माझ्या वहीत आहे. पण वही सापडत नाहीये, आबा."

कणगी माझ्या पाठीशी होती. वही काढली असती तर चोर ठरले असते, आणि नजर लावणारी तर ठरलेच होते. मी जागची हलले नाही.

वही नसतानाच ती उठली. तुरटीचा नवा खडा पदराला पुसून आबांच्या हातात दिला. "कोरडा आहे ना?" मग तो पळीत घालून निखाऱ्यावर धरला आणि वर चिमट्याने पितळी ताटली उपडी धरली. खडा खदखदला. ताटली उलटी केली तर तिला पाण्याचे थेंब.

"हे पाणी कुठून आलं? तुरटीच्या बांधणीतच ते गुंफलेलं असतं. जवळजवळ अर्धं वजन पाण्याचं. तापलं की ते बाहेर पडतं, म्हणून खडा फुगतो. जसं फुगेल तसं तोंड."

हा नवा गोळा निवल्यावर आबांनी तो डोळ्यांजवळ नेला. "याला दोन हनुवट्या आहेत," ते सासूला म्हणाले. "ही तर तूच."

"मी माझ्या नातवाला नजर लावीन?" सासूने गोळा राखेत भिरकावला. माहेरची गोष्ट पुन्हा निघाली नाही. दुसऱ्या दिवशी पोराचा कान वाहिला आणि रडं थांबलं. न्हाऊ मीच घातलं.

उपकाराने मत्सर विरतो म्हणतात. माझा वाढला. ज्या विद्येचा मला हेवा, तिनेच मला वाचवलं. शिवाय माझी नजर खरोखरच होती. पोरावर नव्हती, त्याच्या आईवर होती. तुरटी चुकली, सासू निम्मी बरोबर होती.

सोमवारी मी वही कणगीतून काढली, पुसली आणि ट्रंकेत तळाशी ठेवली. संध्याकाळी जावेने ती उघडली. पानांतून ज्वारीचे पाच-सात दाणे जमिनीवर पडले. तिने ते एकेक वेचले, माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली, "अक्का, हे कणगीत टाका."

त्यानंतर ती वही कोनाड्यात उघडी ठेवू लागली. ती घरात नसली की मी वाचायची. ती आली की मी झाडू उचलायची.